शनिवार-रविवारची खाद्यभटकंती: हुरडा, गुऱ्हाळं, जत्रा. कुठे आणि केव्हा जावं?

विचारणा (कोथरूड, पुणे)

नमस्कार मंडळी. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात अधूनमधून शनिवार-रविवार गाडी काढून बाहेर पडायचं ठरवलंय. सोबत दोन मुलं आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढउतार नको. हेतू एकच: जिथलं पीक तिथे जाऊन खायचं, आणि जमलं तर एखादी जत्राही बघायची.

गेल्या वर्षी एका ठिकाणी हुरड्याला गेलो होतो. दाणे आधीच भाजून ठेवलेले, गार झालेले, ताटलीत वाढून दिले. जेवणात पनीर आणि नूडल्स, शेजारी स्पीकरचा दणदणाट. मुलांना आता वाटतं, हुरडा म्हणजे हेच. ते मला पुसून काढायचंय. जाणकारांनी मार्ग सुचवावेत.

सोलापूरकर

ताई, आमच्याकडे या. पण आधी मोसम समजून घ्या. ज्वारीचा दाणा दुधातून चिकात येतो आणि टणक होण्याआधी जे थोडे दिवस मिळतात, तेवढाच त्या शेताचा हुरडा. साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारी, पेरणी लांबली असेल तर फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. फोन केल्यावर 'सोयी काय आहेत' हे नंतर विचारा. आधी विचारा, 'कुठली ज्वारी आहे आणि कणसं कधी खुडणार?' गूळभेंडी, सुरती, कुचकुची असं पटकन उत्तर आलं तर समोरचा माणूस शेतातला आहे. हुरड्याची ज्वारी वेगळी पेरतात. मालदांडीचाही हुरडा खातात, पण तिचं खरं काम भाकरीचं.

आता आगटी. जमिनीत खड्डा करून गोवऱ्या पेटवतात. जाळ बसला, धग धरली की कणसं खुपसतात आणि एक जण ती सतत फिरवत बसतो. बाहेर काढलेलं कणीस तळहातावर चोळायचं, हाताला चटके बसतात, सवयीचाच माणूस लागतो. मग फुंकून, सुपात पाखडून थेट तुमच्या पुढ्यात. कणीस निघाल्यापासून तोंडात जाईपर्यंत फार वेळ जाता कामा नये. दाणा गार झाला की चिवट होतो. तुम्हाला तसलाच मिळाला. म्हणून बसायचं ते आगटीभोवती. सासूबाईंसाठी खुर्ची मागून घ्या, कुणी नाही म्हणणार नाही. सोबत शेंगाचटणी, लसणाची चटणी, गूळ, दही, बोरं. वरून पाण्याऐवजी ताक.

पुण्याहून टेंभुर्णी, पंढरपूर करत मंगळवेढ्याला या. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं खुली केल्याची कथा याच गावातली. इथली काळी, खोल जमीन पावसाची ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. या ज्वारीला २०१६ साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. पुढे सोलापूर तासाभराचा रस्ता. मुक्काम तिथे करा. येताना कडक भाकरी बांधून घ्या, नीट ठेवली तर बरेच दिवस टिकते. शेंगाचटणी मात्र उखळात कुटलेलीच घ्या. मिक्सरची कोरडी राहते. कुटताना शेंगदाण्याला तेल सुटतं आणि चटणी बोटांत दाबली की गोळा होतो. ही ओळख लक्षात ठेवा.

जानेवारीत आलात तर संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. सात नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा (सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह) आयुष्यात एकदा तरी बघावा असा.

विचारणा (कोथरूड)

दादा, मनापासून आभार. गड्ड्याच्या गर्दीत सासूबाईंना झेपेल का?

सोलापूरकर

अक्षतेच्या दिवशी नाही झेपणार, स्पष्ट सांगतो. पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं असतात, गाडी लांबच लावावी लागते. त्यानंतरच्या शनिवारी या. होम मैदानावर दुकानं, पाळणे असतात, मुलं रमतात आणि मंदिरात शांतपणे दर्शनही होतं.

करवीरकर

मुलं सोबत आहेत तर गुऱ्हाळ चुकवू नका. कोल्हापूर भागात करवीर, पन्हाळा, कागलकडे ऊसतोडीच्या हंगामात गुऱ्हाळं चालतात. एक आदण, म्हणजे एका काहिलीतल्या रसाचा गूळ, निघायला दोन-तीन तास सहज जातात, त्यामुळे 'पाच मिनिटं बघून निघू' असं करू नका. चुलवणात चिपाडं जळत असतात, वर भलीमोठी काहील. रस तापला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, त्याने मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढत राहतात. गुळव्या उकळीचा रंग आणि बुडबुडे बघून ठरवतो की आता काहील उतरवायची. थोडं आधी काढलं तर काकवी. गरम गूळ वाफ्यात ओतला की कडेला चिकटलेला खरवडून शेंगदाण्याबरोबर खा. मुलांना काहिलीपासून लांब धरा, तो पाक हातावर उडाला तर मोठी इजा होते.

विकत घेताना पिवळाधमक गूळ दिसला तर हायड्रॉस घातलाय का, हे थेट विचारा. रंग उजळवायला ही रासायनिक पूड वापरतात. तांबूस, जरा काळपट गूळ दिसायला डावा, पण मी तोच घेतो. कोल्हापूरपर्यंत यायचं नसेल तर दौंड तालुक्यातही भरपूर गुऱ्हाळं आहेत, सकाळी निघून संध्याकाळी घरी.

रायगडवाली

थंडीत आमच्याकडची पोपटी राहून जाऊ देऊ नका! मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, हवं तर अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी, वरून पुन्हा भांबुर्डा दाबून तोंड बंद. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र आवाज आला की झाली. भांबुर्ड्याचा वास शेंगांत उतरतो आणि तो दुसऱ्या कुठल्या पाल्याने येत नाही. पालक, कोबी घालून 'पोपटी' देणाऱ्यांकडे जाऊ नका. सासूबाई शाकाहारी असतील तर आधीच सांगा, त्यांच्यासाठी वेगळं मडकं लावतात.

फेब्रुवारीअखेर आलात तर अलिबागचा पांढरा कांदा निघू लागलेला असतो. माळेत विणलेला, आकाराने लहान, चवीला गोड. रस्त्यावर बाहेरचा कांदाही अलिबागचा म्हणून विकतात, म्हणून कार्ले, खंडाळे भागात शेतकऱ्याच्या अंगणातून घ्या.

खानदेशी

भरीत खायचं तर जळगाव, पण पुण्याहून दोन दिवसांत दमछाक होईल. तीन दिवसांची सुट्टी जोडून या. आसोदा, बामणोद भागातली हिरवी मोठी वांगी, काट्याकुट्यांच्या जाळावर भाजलेली आणि सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी.

पुरंदरकर

जवळचं कुणीच सांगितलं नाही म्हणून लिहितो. चंपाषष्ठीला जेजुरीत खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीच्या रोडग्याचा नैवेद्य असतो. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणाऱ्या अनेक घरांत त्या दिवसापासून ते परत सुरू होतं. गडाला पायऱ्या आहेत, सासूबाईंना खालूनच हात जोडू द्या. परतताना सासवड भागात अंजीर बघा. पिकलेलं अंजीर देठाशी मऊ पडतं, ते जागेवरच खा, घरी नेईपर्यंत टिकत नाही.

जत्रेबद्दल एक सांगतो, पटतंय का बघा. जत्रेत गोडीशेव, रेवड्या, भेंड-बत्तासे, भजी मिळतात, ती जरूर खा. पण गावचं खरं जेवण जत्रेच्या मैदानात नसतं, घरात असतं. आमच्याकडे चैत्र-वैशाखात गावोगाव यात्रा असतात, एक दिवस पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी मटण, आणि घर पाहुण्यांनी भरलेलं. ऑफिसातल्या कुणाच्या गावची यात्रा असेल तर निमंत्रण मागून घ्या. यात्रेला पाहुणा आला की घरच्यांना आनंदच होतो.

विचारणा (कोथरूड)

सगळ्यांचं वाचून बेत असा धरतेय: चंपाषष्ठीच्या सुमारास सासवड-जेजुरी, संक्रांतीनंतरच्या शनिवारी मंगळवेढा-सोलापूर, फेब्रुवारीअखेर अलिबाग. मधे एक दिवस दौंडचं गुऱ्हाळ. मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या, भराडीदेवीच्या जत्रेचंही मनात आहे, तिची तारीख आधी कशी कळते?

रायगडवाली

तिला ठरलेली तिथी नाही, देवीच्या कौलाने दिवस ठरतो. तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी गाडीचं आणि मुक्कामाचं आरक्षण करा, मुंबईचे चाकरमानी तासाभरात गाड्या भरतात. आणि तिथून मालवणी खाजं आणा, आल्याचा झटका असलेलं, गुळाचं. पोपटी मात्र फेब्रुवारीअखेर मिळेलच असं नाही, वालाच्या शेंगा जून होतात. तिच्यासाठी जानेवारीतच एक रविवार मोकळा ठेवा.