पावसाळ्यात कॅक्टस बुंध्याशी मऊ का पडतो?

प्रश्न (रत्नागिरी)
उन्हाळ्यात रोपवाटिकेतून आणलेले तीन लहान कॅक्टस मी पडवीत ठेवले आहेत. त्यांना आठवड्यातून एकदाच, तेही वाटीभर, पाणी घालतो; तरीही मिरग लागून महिना होतो न होतो तोच त्यांतील एक गोल कॅक्टस बुंध्याशी मऊ पडला आणि बोट लावताच काट्यांसकट अलगद कुंडीबाहेर आला. शेजारचे ब्रह्मकमळ मात्र त्याच पाण्यावर तरारले आहे. उरलेले दोन कसे वाचवावेत?

उत्तर (मालवण)
सोलापूरकडच्या कोरड्या हवेत वाटीभर पाणी चालूनही जाईल, पण आपल्याकडे आषाढात हवाच इतकी दमट असते की कुंडीतील माती आठ-दहा दिवसांतही वाळत नाही, मुळे गुदमरतात आणि त्यांत बुरशी शिरते. मी मिरगापासून दसऱ्यापर्यंत पाणी जवळजवळ बंदच ठेवते. कॅक्टस थोडा सुरकुततो, परंतु पुढे पाणी मिळताच पुन्हा फुगतो. आपण दोन्ही रोपे आजच उपटून पाहावीत. मुळे तपकिरी, लिबलिबीत असल्यास स्वच्छ सुरीने बुंध्याकडून वरच्या दिशेने चकत्या काढत जावे आणि काप पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नये; मध्यभागी तपकिरी ठिपका राहिला, तर कूज तेथूनच पुन्हा वर चढते. मग काप पंख्याखाली सुकवावा. या हवेत त्याला दोन आठवडेही लागतात.

उत्तर (गुहागर)
रोपवाटिकेतली रोपे बहुधा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, असतात आणि ते पाणी धरून ठेवते. चिरे तासताना पडणारी जांभ्याची खडी चाळून, धुऊन दोन भाग घ्यावी, त्यात एक भाग माती मिसळावी आणि कुंडी मातीचीच वापरावी. पुळणीवरची वाळू मात्र नको. फुकट मिळते म्हणून मी ती एकदा वापरली आणि तिच्यातील मिठाने पाच रोपे गमावली.

उत्तर (वेंगुर्ला)
गंमत अशी, की आपल्या अंगणातले ब्रह्मकमळही कॅक्टसच आहे. (हिमालयातले ब्रह्मकमळ निराळे, ते सूर्यफुलाच्या कुळातले.) आपले मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांत झाडांच्या फांद्यांवर वाढणारे असल्यामुळे त्याला दमट हवा आणि सावली मानवते. वाळवंटी गोल कॅक्टसला त्याच्या मापाने पाणी घालू नये.

प्रश्नकर्ता
दोन्ही उपटून पाहिले. एकाची मुळे पांढरी, कोरडी निघाली. दुसऱ्याच्या तीन चकत्या काढल्यावर काप स्वच्छ दिसला. तो आता माजघरात पंख्याखाली पालथा ठेवला आहे.