अलेन्तेजो (पोर्तुगाल) : एव्होराहून किनाऱ्याकडे कसं जायचं? (एकटी, तातडीचं)

रानवारा :
लिस्बनला उतरून आधी एव्होरा, मग पोर्तो कोव्हो आणि तिथून मच्छीमारांच्या वाटेने (किनाऱ्यालगतची पायवाट) ओदेसैशपर्यंत चालत, असं ठरवलंय. एव्होरा ते पोर्तो कोव्हो कसं जायचं तेच कळत नाहीये. नकाशात जवळ दिसतं, पण ॲप दरवेळी लिस्बनमार्गेच पाठवतं. सगळं बुकिंग त्यामुळे अडलंय. कुणी गेलं असेल तर आजच सांगा. 'एकटी का' हा विषय नको.

घाटवाट :
महिना कोणता? गाडी चालवणार का? त्याशिवाय काय सांगणार?

सोनचाफा :
व्हिसाचं आधी बघा. शेंगेनला किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, उशीर करू नका.

रानवारा :
व्हिसा हातात आहे. प्रश्न बसचा आहे! गाडी नाही. जुलैअखेर. पाठीवर एकच सॅक.

घाटवाट :
जुलैत नका जाऊ. एव्होराला पारा चाळिशीपर्यंत चढतो. किनाऱ्यावर वारा असतो, पण वाट वाळूची आणि सावली जवळजवळ नाहीच. पोर्तो कोव्हो ते पुढचं गाव मिलफोन्तेस साधारण २० किमी आहे. वाळूत पाय रुततात, सह्याद्रीतला वेग तिथे धरू नका. सप्टेंबर करा.

बुचवन :
असहमत. बुचाच्या ओकची साल उन्हाळ्यातच काढतात. एका झाडाची पाळी ९ वर्षांनी येते आणि कोणत्या साली सोलली तो आकडा खोडावर रंगवतात. हे बघायला जुलै उत्तम. भाड्याने गाडी घ्या, बसच्या नादी लागलात तर खेडी राहून जातील.

घाटवाट :
त्या गाडी नाही म्हणाल्यात. आणि त्याच वाटेवरच्या काबो सार्दांव भूशिराला समुद्रातल्या कड्यांवर करकोच्यांची घरटी असतात, तीही जुलैअखेर रिकामी मिळतील. मे सगळ्यात चांगला.

मिरामार :
पोर्तो कोव्होच्या शेजारचं सीनेश चुकवू नका. वास्को द गामा तिथला. आमच्या गोव्यातल्या वास्को शहराला त्याचंच नाव.

सोनचाफा :
१५०२ साली यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळणाऱ्याचं गाव मुद्दाम कशाला बघायचं?

मिरामार :
गाव बघणं म्हणजे त्याला नमस्कार करणं नव्हे. आमचा इतिहास आहे तो, आम्ही बघणारच.

हिंगजिरं :
शाकाहारी असाल तर आसोर्दा मागवा. शिळा पाव, लसूण, भरपूर कोथिंबीर, ऑलिव्ह तेल आणि गरम पाणी. वर अंडं असतं. पाणी कधी बकालाव (खारवलेला कॉड मासा) शिजवलेलं असतं, म्हणून आधी विचारा.

रानवारा :
मी मासे खाते. सुट्टी जुलैचीच आहे, बदलत नाही. बस!!

पाटवाट :
ताई, ॲप बरोबर सांगतंय. तिथली सार्वजनिक वाहतूक बरीचशी लिस्बनभोवती बांधलेली आहे, आडवं जायला सोय तुटपुंजी. एव्होरा ते लिस्बन रेल्वेने दीडेक तास, मग पोर्तो कोव्होची बस. परत फिरणं वेळेचं नुकसान वाटतं, पण खेड्यातली बस चुकली तर अख्खा दिवस जातो. त्यापेक्षा एव्होरा लिस्बनहून एका दिवसात करा, मुक्काम हलवू नका. मुक्कामाच्या खोल्या मात्र आत्ताच घ्या. किनाऱ्याचा तो टापू संरक्षित उद्यानात येतो, वाटेत तंबू टाकायला बंदी आहे.

रानवारा :
हेच हवं होतं, मनापासून आभार. एव्होरा एक दिवसाचं करते. आता ओदेसैशहून लिस्बनला थेट बस आहे की आल्जेझूरला जावं लागतं?

बुचवन :
गाडी असती तर हा प्रश्नच आला नसता.