‘रेल्म ऑफ केऑस’चा आवाज इतका जड का वाटतो?

प्रश्न – खर्जप्रेमी

सर्वांना नमस्कार. बोल्ट थ्रोअर या इंग्लिश डेथ मेटल बँडचा १९८९ सालचा ‘रेल्म ऑफ केऑस’ हा अल्बम मी सध्या पुन्हा पुन्हा ऐकतो आहे आणि त्यातील एका गोष्टीचा उलगडा मला होत नाही. त्याच वर्षी, इयरेक याच ध्वनिमुद्रिका कंपनीने, मॉर्बिड एंजल या अमेरिकन बँडचा ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’ प्रसिद्ध केला. फ्लोरिडातील त्या अल्बममध्ये गिटारचा प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो, ड्रमचा प्रत्येक आघात मोजता येतो आणि वादनही अधिक चपळ आहे. याउलट कॉव्हेंट्रीच्या या मंडळींच्या अल्बममध्ये दोन्ही गिटार एकमेकींत मिसळून जातात, बास कोठे संपतो आणि गिटार कोठे सुरू होते हे सांगता येत नाही, आणि तरीही छातीवर दाब येतो तो याच अल्बममुळे.

तारा खूप खाली उतरवल्यामुळे हे होते, असे उत्तर नेहमी दिले जाते. म्हणून मी माझ्या गिटारची जाड तार ‘ए’पर्यंत उतरवून त्यांच्या काही रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे छोटे स्वरसमूह, वाजवून पाहिल्या. आवाज खाली गेला, परंतु जड झाला नाही. तार नुसतीच सैल झाली. तेव्हा हे वजन नेमके कशातून येते, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर – मंद्र५५

सुरावटीचा, म्हणजे तारा कोणत्या सुरांना लावल्या आहेत याचा, वाटा मोठा आहेच. फक्त ती एकटी पुरेशी नाही. नेहमीच्या सुरावटीत गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर कंप पावते. ती ‘बी’पर्यंत उतरवली की सुमारे ६२ आणि ‘ए’पर्यंत उतरवली की ५५ हर्ट्झ होते. तेवढ्याच जाडीची तार उतरवली तर तिचा ताण जातो, आघाताच्या क्षणी स्वर वर सरकतो आणि मग खाली येऊन स्थिरावतो, त्यामुळे रिफची धार बोथट होते. आपण जो सैलपणा म्हणता तो हाच असावा. अधिक जाड तारांचा संच लावल्याशिवाय या सुरावटीत काही हाती लागणार नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. या संगीतातील बहुतेक रिफ षड्ज आणि पंचम एकत्र छेडून वाजवल्या जातात. स्वच्छ आवाजात ते दोन स्वर दोनच राहतात. परंतु डिस्टॉर्शनमधून, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या प्रक्रियेतून, गेल्यावर त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी होऊन नवे स्वर निर्माण होतात. ५५ हर्ट्झचा षड्ज आणि ८२.५ हर्ट्झचा पंचम घेतला, तर वजाबाकीतून २७.५ हर्ट्झ मिळतात, म्हणजे मूळ षड्जाच्या बरोबर एक सप्तक खालचा षड्ज. कोणीही न छेडलेला हा स्वर डिस्टॉर्शनच तयार करते. गिटार खाली उतरवलेली असेल तर तो बासच्या प्रदेशात जाऊन बसतो, आणि तेथे बँडच्या बासवादक जो बेंच यांचा बास आधीच गिटारच्या रिफला धरून चाललेला असतो. त्यामुळे तीन वाद्यांचा मिळून एकच जाड पट्टा ऐकू येतो. बास आणि गिटार यांतली सीमा सापडत नाही ही आपली तक्रार मला तक्रार वाटत नाही. या अल्बमच्या आवाजाचे तेच मर्म आहे.

उत्तर – दोनपेडल

वरील विवेचन अचूक आहे, तरी माझा कल वेगळ्या बाजूला आहे. या अल्बमचे वजन प्रथम लयीत आहे आणि नंतर स्वरात.

कोणताही खालचा स्वर कानाला नीट कळण्यासाठी त्याची काही आवर्तने पूर्ण व्हावी लागतात. ५५ हर्ट्झच्या एका आवर्तनाला सुमारे १८ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला २०० ठोक्यांच्या गतीत एका ठोक्याचे चार भाग करून रिफ वाजवली, तर प्रत्येक आघाताच्या वाट्याला ७५ मिलिसेकंद येतात, म्हणजे जेमतेम चार आवर्तने. गती निम्मी केली की तीच संख्या आठवर जाते. वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे उंच उपस्वर, कानाला आधार देतात हे खरे, पण खर्जाला अंग धरायला वेळ लागतो आणि तो वेळ विलंबित लयीतच मिळतो. जे बँड तारा खूप उतरवतात आणि सतत द्रुत लयीत धावतात, त्यांचा आवाज काळाकुट्ट होतो, जड होत नाही.

बोल्ट थ्रोअरला हे फार लवकर उमगले. हा बँड १९८६ साली पंकच्या वर्तुळातून जन्माला आला. एका बाजूने डिस्चार्जसारख्या इंग्लिश पंक बँडचा सरळ, न थांबणारा ठेका त्यांच्या अंगात होता आणि दुसऱ्या बाजूने कँडलमाससारख्या स्वीडिश डूम (संथ लयीच्या मेटल) बँडची संथ, भारदस्त रिफ त्यांना प्रिय होती. ‘रेल्म ऑफ केऑस’मध्ये हे दोन्ही प्रवाह अजून पूर्ण एकजीव झालेले नाहीत. वेगवान भाग येतात, अंगावर कोसळतात, आणि मग लय अचानक अर्ध्यावर येते. त्या उतरणीच्या क्षणी जे वजन जाणवते ते आधीच्या वेगामुळेच जाणवते. संपूर्ण अल्बम संथ असता तर कानाला त्या संथपणाची सवय झाली असती.

या अल्बममधील ‘वर्ल्ड ईटर’ हे गाणे ऐकताना ड्रमवादक अँड्र्यू व्हेल यांच्या पायांकडे लक्ष द्यावे. रिफ मध्यम लयीत पावले टाकत असते आणि तिच्याखाली दोन्ही पायांनी वाजणारा बास ड्रम दुगुनीत अखंड चालू राहतो. वर लय ठाय, खाली पाय द्रुत. गिटार विसावा घेते तेव्हाही जमीन हलतच राहते. यंत्रासारखी अचूकता त्या पायांत नाही, आघात किंचित मागेपुढे होतात, आणि माझ्या मते त्याने हानी होण्याऐवजी लाभच झाला आहे, कारण आघात रिफच्या कडांना घट्ट चिकटण्याऐवजी तिच्याभोवती पसरतात. ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’मध्ये पायाचा ड्रम प्रत्येक स्वराबरोबर टिचकी मारतो, तेथे रिफची वळणे गुंतागुंतीची असल्याने ते आवश्यकच होते.

उत्तर – शांतश्रोता

गायक कार्ल विलेट्स यांच्या आवाजाचा उल्लेख राहून गेला. ते किंचाळत नाहीत, खोल आवाजात जवळजवळ संथपणे घोषणा केल्यासारखे गातात, आणि पंकमधील शब्दफेक त्यांनी सोडलेली नाही. त्यामुळे गायन रिफच्या वर तरंगत नाही, तिच्या आतच राहते. अल्बमचे नाव आणि मुखपृष्ठ गेम्स वर्कशॉपच्या वॉरहॅमर खेळाच्या विश्वातून आले आहे, आणि न संपणाऱ्या युद्धाचा तो विषय या संगीताला शोभतो. परंतु शब्द बाजूला ठेवले तरी आवाजाचे वजन कमी होत नाही, असा माझा अनुभव आहे.

पुन्हा प्रश्न – खर्जप्रेमी

उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. वजाबाकीच्या स्वराचा मुद्दा मला पूर्णपणे नवा होता. आता एकच शंका उरते. या अल्बमचे ध्वनिमुद्रण धूसर आहे यावर सर्वांचे एकमत दिसते. तेच संगीत अधिक स्वच्छ मुद्रित झाले असते तर हे वजन टिकले असते का? म्हणजे धूसरपणा हा गुण मानावा, की रचना इतकी भक्कम आहे की दोषातूनही ती तरून गेली, असे म्हणावे?

उत्तर – फीतसंग्राहक

या प्रश्नाची परीक्षा घेण्याची सोय बँडनेच करून ठेवली आहे. ‘वर्ल्ड ईटर’मधील रिफ १९९१ च्या ‘वॉर मास्टर’ या पुढच्या अल्बममधील ‘सेनोटाफ’ या गाण्यात परत येते. तोच बँड, तेच हात, तीच रिफ. बदलले आहे ते ध्वनिमुद्रण आणि दोन वर्षांत आलेली वादनाची प्रौढता. ‘वॉर मास्टर’चे काम ड्रिफील्ड येथील स्लॉटरहाऊस स्टुडिओत कॉलिन रिचर्डसन यांनी पाहिले. कारकास या दुसऱ्या इंग्लिश बँडचा १९८९ सालचा ‘सिंफनीज ऑफ सिकनेस’ हा अल्बम याच स्टुडिओत त्यांच्याच हाताखाली मुद्रित झाला होता, त्यामुळे अतिशय खालच्या सुरातील गिटार हाताळण्याचा सराव त्यांना आधीपासून होता.

दोन्ही गाणी लागोपाठ ऐकावीत. ‘सेनोटाफ’मध्ये रिफला कडा आहेत, गिटारचा मधला पट्टा भरीव आहे, पायाचा ड्रम स्वतःच्या जागेवर आहे, आणि माझ्या कानांना ती रिफ हलकी वाटत नाही. किंबहुना आघाताचे वजन तेथे वाढले आहे. कमी झाला आहे तो विस्तार. ‘रेल्म ऑफ केऑस’मध्ये ड्रमभोवतीचा घुमारा आणि गिटारची एकमेकींवर चढलेली टोके मिळून आवाजाची सीमाच सापडत नाही, आणि ज्याचा काठ दिसत नाही त्याचे आकारमान मन मोठेच धरते. म्हणून दोन्ही अल्बम जड आहेत, पण एकाचे वजन घावाचे आहे आणि दुसऱ्याचे आकारमानाचे.

धूसरपणालाच सारे श्रेय देणे मला मान्य नाही. त्या काळात इंग्लंडमध्ये कमी पैशांत आणि घाईने मुद्रित झालेले कितीतरी अल्बम तितकेच धूसर आहेत आणि ते नुसतेच पुसट वाटतात. धूसर आवाजात टिकण्यासाठी रिफ साधी असावी लागते, तिची वळणे थोडी आणि ठळक असावी लागतात. बँडचे गिटारवादक गॅव्हिन वॉर्ड आणि बॅरी थॉमसन यांच्या रिफ अशाच आहेत. त्यांच्या जागी ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’मधील रिफ या ध्वनिमुद्रणात टाकल्या असत्या तर अर्ध्याहून अधिक तपशील गडप झाला असता.

आणखी एक सूचना. लहान स्पीकरवर ५५ हर्ट्झ ऐकूच येत नाहीत. वरच्या हार्मोनिक्सवरून मेंदू तो खर्ज जुळवून घेतो. धूसर मिश्रणात ते हार्मोनिक्सही एकमेकांवर चढलेले असल्याने हा अल्बम लहान स्पीकरवर विशेष गमावतो, तर ‘वॉर मास्टर’ बराचसा शाबूत राहतो. तुलना करताना खर्ज नीट देणारी साधने वापरावीत, आणि दोन्ही अल्बमची पातळी कानांनी सारखी करून घ्यावी, कारण मोठ्याने वाजणारा अल्बम नेहमीच अधिक जड भासतो.

उत्तर – दोनपेडल

या तुलनेत बँडचा पहिला अल्बमही घ्यावा, असे मी सुचवीन. १९८८ चा ‘इन बॅटल देअर इज नो लॉ’ याहूनही ओबडधोबड मुद्रित झाला आहे आणि त्यात पंकचा वेग अधिक आहे. धूसरपणातून वजन येत असते तर तोच त्यांचा सर्वांत जड अल्बम ठरला असता. माझ्या कानांना तो तसा वाटत नाही. पुढे १९९२ च्या ‘द फोर्थ क्रुसेड’पर्यंत येताना लय सातत्याने उतरत गेली आणि आवाज स्वच्छ होत गेला. ‘रेल्म ऑफ केऑस’ या वाटेवर अशा ठिकाणी उभा आहे, जेथे वेग अजून सुटलेला नाही आणि संथपणाची ताकद त्यांना नुकतीच सापडली आहे. ‘सेनोटाफ’मध्ये घाव अधिक बसतो हे मला मान्य आहे, परंतु त्याचे कारण शोधताना फीतसंग्राहक यांनी स्टुडिओइतकेच व्हेल यांच्या सुधारलेल्या पायांनाही श्रेय द्यावे, कारण त्या अल्बममध्ये ड्रम रिफच्या मागे रेंगाळत नाहीत.