स्वयंसेवकांनी काय घालायचं, हे कोण ठरवतं? अनुभव सांगा

नौपाड्यातल्या एका संस्थेत मी सात वर्षं दर शनिवारी मुलांना शिकवायला जाते. यंदा वार्षिक कार्यक्रमाचा निरोप आला: तायांनी काठपदराची साडी, दादांनी 'नीटनेटके कपडे'. स्वागताला ताया, आणि खुर्च्या लावायलाही तायाच! तिसऱ्या मजल्यावरून खुर्च्या उतरवताना माझा पदर एका खुर्चीच्या पायात अडकला आणि खांद्याची पिन ब्लाउज फाडून निघाली. वरून आवाज आला, "ताई, पदर सावरा, पाहुणे येतायत." लागलं का, हे कुणीच विचारलं नाही. ते अजून मनातून जात नाही. साडी मला आवडते हो, पण चार जिने चढउतार करणाऱ्या बाईला आधी विचारायला काय हरकत होती? तुमच्याकडे कसं चालतं? संस्थेचं नाव मात्र लिहू नका.

ऐरोलीकर:
आम्ही खाडीकाठच्या कांदळवनातला कचरा काढतो. टी-शर्टची सक्ती, त्याचे अडीचशे रुपये आम्हीच भरायचे. माझ्या मापाचा टी-शर्ट नव्हता, म्हणून फोटोच्या वेळी मला मागच्या रांगेत पाठवलं. त्याचंही एकवेळ चालेल. पण गुडघाभर चिखलात फुटक्या काचा असतात, इंजेक्शनच्या सुया असतात, आणि गमबूट कुणी देत नाही. गेल्या पावसाळ्यात एका मुलाच्या टाचेत काच गेली. टी-शर्टवर प्रायोजकाचं नाव छापायला पैसे निघतात, मग बुटांना का नाही?

खारघरहून:
एप्रिलच्या उन्हात पॉलिस्टरचं जॅकेट, गळ्यापर्यंत चेन लावून. चक्कर आली तेव्हा कुठे काढू दिलं. १६ एप्रिल २०२३ ला आमच्याच खारघरच्या मैदानात उष्माघाताने माणसं गेली. त्यानंतरही हे चालतं, याचा संताप येतो.

मुंब्र्याची:
आरोग्य शिबिरात सांगितलं, "स्कार्फ काढा, सगळे एकसारखे दिसले पाहिजेत." बाकीच्यांच्या कपाळावरच्या टिकल्या, हातातले गंडेदोरे तसेच होते, त्यांना कुणी हटकलं नाही. मी स्कार्फवरच संस्थेची टोपी घातली आणि दिवसभर रक्तदाबाच्या नोंदी घेतल्या. संध्याकाळी एक आजी हात धरून म्हणाल्या, "पुढच्या वेळी पण तूच ये ग." त्या आजींसाठी जाईन.

वाशीहून, वकील आहे:
लेगिंग्जवरून शेरे मारणाऱ्या समन्वयकाची तक्रार एका मुलीने केली, तर उत्तर मिळालं, "तुम्ही कर्मचारी नाही." हे साफ चूक आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कर्मचारी' या शब्दात विनामोबदला, स्वेच्छेने काम करणारेही येतात. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान संस्थेतली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्या, थांबू नका.

ढोलपथकातली, ठाणे:
पाडव्याच्या स्वागतयात्रेला आमच्यात मुलं-मुली सगळ्यांना पांढरा कुडता-सलवार आणि भगवा शेला. आधी बैठकीत विचारतात. कुणाला नऊवारी नेसून वाजवायचं असेल तर तीही चालते. एका वर्षी कमरेच्या पट्ट्याने कातडी सोलवटली म्हणून आम्ही आतून सुती कापड शिवून मागितलं, पुढच्या सरावाला ते हजर होतं.

नौपाड्याची पुन्हा:
रविवारी आमची बैठक आहे. वकीलताई, तुमचं आणि पथकाचं, दोन्ही लिहून नेतेय.