पावसात भिजलेला मेकॅनिकल कीबोर्ड वाचवता येईल का?

निळीशाई :
वळवाच्या पावसाचे पाणी रात्री खिडकीतून आत येऊन माझ्या टेबलावरील मेकॅनिकल कीबोर्डवर पडले. संगणक चालूच असल्यामुळे कीबोर्डला सकाळपर्यंत वीज मिळत राहिली. कीबोर्ड वायरचा, 87 कळांचा आहे. त्यात प्रत्येक कळेखाली चेरी कंपनीचा एमएक्स ब्राऊन स्विच असून ते सर्व पीसीबीवर, म्हणजे तांब्याच्या रेषा असलेल्या सर्किटच्या पाटीवर, सोल्डर केलेले आहेत. कीकॅप काढून तो उलटा ठेवला आणि चांगला वाळवला. तरीही 3, ई, डी आणि सी या चार कळा अजिबात चालत नाहीत, एन दाबले की बहुधा दोनदा उमटते आणि स्पेसबार रेंगाळत वर येतो. दुरुस्तीच्या दुकानात ‘नवीन घ्या’ एवढेच उत्तर मिळाले. माझ्याकडे मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न आहे, पण हात फारसा बसलेला नाही. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला अनेकांनी दिला आहे. पुढे काय करावे?

तांबेतार :
तांदूळ भातासाठी ठेवावेत. पाणी एव्हाना उडून गेलेले आहे. त्रास मागे राहिलेल्या क्षारांचा आणि गंजाचा आहे. पावसाचे पाणी एरवी बरेच शुद्ध असते, पण खिडकीच्या चौकटीवरची धूळ घेऊन आले की त्यातून वीज वाहू लागते, आणि विद्युतदाब असलेल्या पीसीबीवर तांब्याच्या रेषा त्यामुळे खाल्ल्या जातात. पाणी सांडताच केबल आधी काढायची, पुसापुशी नंतर, ती याचसाठी.

तुमची तीन लक्षणे ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. 3, ई, डी, सी या कळा एका उभ्या ओळीत येतात. कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेला स्वतंत्र तार नसते. आडव्या आणि उभ्या ओळींची जाळी असते आणि कंट्रोलर, म्हणजे कीबोर्डची मुख्य चिप, त्या ओळी क्रमाने तपासत राहतो. त्यामुळे एका स्तंभातील चारही कळा एकदम गेल्या, तर चार स्विच एकाच वेळी बिघडले असे समजू नये. त्या स्तंभाची रेषा कुठेतरी तुटली आहे असे धरून चालावे. केबल काढून मल्टिमीटर ‘बीप’वर लावा, म्हणजे दोन टोके जोडलेली असली की तो वाजेल. प्रत्येक स्विचच्या दोन पायांपैकी एक डायोडकडे (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाकडे) जातो आणि दुसरा स्तंभाला जोडलेला असतो. हे दुसरे पाय एकमेकांशी जोडलेले आढळले, तर तूट त्यांच्यापासून कंट्रोलरपर्यंतच्या वाटेत आहे. तिथे हिरवट पूड दिसते का, ते भिंगाखाली पाहा. पीसीबीच्या दोन बाजूंना जोडणारी जी बारीक छिद्रे असतात, त्यांच्यावर विशेष लक्ष ठेवा, कारण ओल तिथेच जास्त टिकते.

एन दोनदा उमटणे हे मात्र बहुधा स्विचचे दुखणे आहे. चेरीच्या संपर्कबिंदूंवर सोन्याच्या मिश्रधातूचा थर असल्याने ते सहसा गंजत नाहीत, पण त्यांच्यावर क्षार बसू शकतात. खात्री करण्यासाठी एनचा स्विच काढून त्या जागी पॉझचा लावा आणि पॉझच्या जागी एनचा. दोष स्विचबरोबर सरकला तर स्विच खराब, जागेवरच राहिला तर पीसीबी. स्विच काढताना जुन्या सांध्यावर आधी थोडे नवे सोल्डर लावावे, म्हणजे तो नीट वितळतो आणि सोल्डर ओढण्याच्या पंपाने एका दमात ओढला जातो. 63/37 सोल्डर (63 टक्के कथील, 37 टक्के शिसे) 183 अंश सेल्सिअसला वितळते. आयर्नचे टोक 350 अंशांच्या आसपास ठेवावे, पण एका जागी फार वेळ टेकवू नये, नाहीतर तांब्याची चकती उचलून येते आणि काम दुप्पट होते.

सोल्डरिंगला हात घालण्यापूर्वी प्लेटसह पूर्ण पीसीबी डिस्टिल्ड वॉटरने धुवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच पाणी चालते. त्यानंतर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. हँड सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन आणि सुगंधी द्रव्ये असतात. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास गॅसची शेगडी पेटवू नका.

जुनाबाजार :
वरील निदान पटले, मात्र ‘पूर्ण धुवा’ हा सल्ला सरसकट घेऊ नये. निळीशाई यांच्या कीबोर्डला तो लागू आहे. 1985 मध्ये आलेल्या आयबीएम मॉडेल एमला तो लागू नाही. त्यात स्प्रिंगखाली पीसीबी नसून तीन पातळ प्लास्टिकच्या पडद्यांची मेंब्रेन असते. पाणी त्या पडद्यांमध्ये शिरले की सहजी बाहेर पडत नाही आणि आतील वाहक शाईच्या रेषा खराब होतात. तो उघडायचा तर मागील बाजूचे प्लास्टिकचे रिवेट कापावे लागतात आणि बंद करताना त्यांच्या जागी छिद्रे पाडून बारीक नट-बोल्ट बसवावे लागतात. हे चिकाटीचे काम आहे, पण माझ्या मते या छंदातील खरा आनंद इथेच आहे. महागड्या कीकॅपचे संच जमवणाऱ्यांशी माझे भांडण नाही. मात्र स्प्रिंग वाकून ‘खट्’ आवाज नेमका कुठून येतो, हे आपल्या बोटांनी उघडून पाहिलेल्या माणसाला त्याच कीबोर्डवर लिहिताना वेगळीच मजा येते.

बिनतारी कीबोर्ड भिजला तर मात्र प्रयोग करू नयेत. आधी लिथियम बॅटरी वेगळी करावी, आणि ती फुगलेली दिसली तर तिला पुन्हा चार्जिंगला लावू नये.

स्पेसबारसाठी त्याखालील स्टॅबिलायझरची, म्हणजे लांब कळ दोन्ही टोकांना समान दाबली जावी म्हणून असलेल्या आधाराची, पोलादी तार काढून पाहा. तारेवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासून सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. गंज सोडवण्याचे स्प्रे स्विचच्या आसपास मारू नयेत. त्यांचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते.

निळीशाई :
दोघांचेही आभार. चारही पायांत बीप वाजत होता, पण कंट्रोलरपर्यंत वाजत नव्हता. केबलच्या जोडणीजवळच्या एका छिद्राभोवती हिरवा थर होता. तो अल्कोहोलने आणि जुन्या टूथब्रशने काढल्यावर रेषा तिथेच खाल्ली गेल्याचे दिसले. सी कळेच्या पायापासून कंट्रोलरच्या पायापर्यंत बारीक इन्सुलेटेड तार जोडताच चारही कळा चालू झाल्या. एनचा दोष पॉझवर गेला आहे, म्हणजे स्विचच खराब ठरला. नव्या स्विचसाठी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तापकीर गल्लीत चौकशी केली, पण तिथे सुटा स्विच मिळाला नाही. जोडलेली तार आणि उघडे पडलेले तांबे झाकण्यासाठी काय वापरावे?

तांबेतार :
पीसीबीवर लावायचे सोल्डर मास्क (तांबे झाकणारा संरक्षक लेप) मिळाले तर उत्तम. ते नसेल तर रंगहीन नेलपॉलिशचा एक हात पुरेसा आहे. तार मात्र आधी कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने) दोन-तीन ठिकाणी चिकटवा, म्हणजे झाकण बंद करताना ती चिमटली जाणार नाही. पॉझचा खराब स्विच फेकू नका. त्याचे वरचे झाकण चार खाचांवर अडकलेले असते. ते उघडून स्टेम (कळेसोबत खाली-वर होणारा दांडा) आणि स्प्रिंग बाहेर काढा आणि संपर्काच्या पात्यांवर अल्कोहोलचा थेंब टाकून कागदाची पट्टी हलकेच फिरवा. बहुतेक वेळा एवढ्याने भागते, आणि नाही भागले तरी पॉझ कळ कोण दाबतो?