अकरा वर्षं एकाच खात्यात काम करतोय आणि मी ख्रिस्ती आहे हे कुणाला सांगितलंच नाही. साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल बोलायला, सुरुवात कुठनं करायची?

भट्टीवाला

सलाम सगळ्यांना. नेहमी नुसता वाचून जातो, आज पहिल्यांदा लिहायलोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मेल्टिंगला आहे, अकरा वर्षं झाली. घरी आजोबांपासून ख्रिस्ती, उपासना सहसा चुकवत नाही, तरुण संघात होतो तेव्हा नाताळच्या कॅरल पार्टीत ढोलकी माझ्याकडंच असायची, म्हणजे लाजराबुजरा वगैरे अजिबात नाही. पण कंपनीच्या गेटातनं आत गेलं की या विषयावर तोंड शिवल्यागत होतं.

झालं असं, आमच्या कारखान्याची सुट्टी सोमवारी. म्हणून मी रविवारी कायम सेकंड शिफ्ट मागून घेतो, सकाळी चर्च होतं आणि दुपारी कामावर. आमच्यात क्रेनवर एकजण आहेत, पन्नाशी ओलांडलेले, सगळं खातं त्यांना मामा म्हणतं. परवा हीट, म्हणजे भट्टीतला वितळलेला धातू, तयार व्हायला वेळ होता म्हणून चहाला बसलो होतो आणि मामांनी सहज विचारलं, रविवारी तू सेकंडच का घेतोस रं कायम? तर माझ्या तोंडातनं काय निघावं, "पोरीचा क्लास असतोय मामा, सोडायला जायला लागतंय." पोरगी माझी साडेतीन वर्षांची. मामांना दर आठवड्याला तिचा नवीन फोटो मीच दाखवत असतो. मामा काही बोलले नाहीत, कपातला राहिलेला चहा संपवला आणि क्रेनवर चढले.

रात्री झोप लागेना. बायबलात योहानाच्या १८ व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा असतो आणि तिथंच मी येशूचा शिष्य नाही म्हणून नाकारतो ना, त्याच्या जिवाला तरी धोका होता. मी चौदाशे डिग्रीच्या भट्टीसमोर, काडीचा धोका नसताना, क्लास सांगितला.

पाळकसाहेब म्हणतात प्रत्येक विश्वासणारा साक्षीदार असतो, मान्य आहे, पण म्हणजे नेमकं करायचं काय? हल्ली वातावरण कसंय तुम्हाला माहितीय, एक वाक्य बोललं तरी "हा धर्मांतर करायलाय" म्हणून ग्रुपवर फिरेल. दुसरं म्हणजे मला बायबल तेवढं पाठ नाही, कुणी उलटा प्रश्न विचारला तर काय सांगू? आणि चैत्रात जोतिबाला जाऊन आले की सगळे गुलाल लावतात, प्रसाद देतात, तिथं तर माझी पार भंबेरी उडते, खिशात टाकतो आणि घरी येऊन काय करायचं कळत नाही. तुम्ही काय करता?

तुतारी

भावा, लाज सोड, एवढंच आहे. मी दर शनिवारी स्टँडवर पत्रकं वाटतो, शंभर दिली तर ऐंशी टाकून देतील, वीस तरी वाचतील. पेरायचं काम आपलं, उगवणारा देव. पौलानं कधी विचार केला काय ग्रुपवर काय फिरेल म्हणून? अशी चर्चा करत बसण्यापेक्षा उद्या जाऊन मामांना सरळ शुभवर्तमान सांग.

कसबा बावडा

तुतारी भाऊ, तुमच्या हिमतीला मानलं, पण स्टँडवरचा माणूस पाच मिनिटांत गाडी धरून जातो. ह्यांना मामांसोबत अजून वीस वर्षं काढायचीत. दोन्हीला एकच औषध कसं लागू पडंल?

प्रसादाचं माझ्यापुरतं सांगतो, दुसऱ्याला पटंल न पटंल. मी दोन्ही हात जोडतो आणि म्हणतो, दादा, माझ्या श्रद्धेत हे बसत नाही, पण तुम्ही माझी आठवण ठेवलीत ते पोचलं. खिशात टाकून नंतर गुपचूप कुठंतरी ठेवणं मला जास्त वाईट वाटतं, देणाऱ्यानं मनानं दिलेलं असतं ओ. आणि नाताळात मी करंज्यांचा मोठा डबा घेऊन जातो ऑफिसात. पहिल्या वर्षी एका पोरानं करंजी हातात धरून विचारलं, यात काय मंत्र मारलाय काय? म्हटलं मारलाय की, अर्धा किलो खोबऱ्याचा. आता तोच एक डिसेंबरपासनं डब्याची चौकशी करतो, आणि गेल्या वर्षी त्यानंच विचारलं की येशू गोठ्यात का जन्मला, तुमच्या देवाला जागा मिळाली नाही व्हय. तिथनं पाऊण तास गेला.

मिरजेची सिस्टर

बाळा, मी निवृत्त नर्स आहे, एकतीस वर्षं ड्युटी केली, त्यातल्या निम्म्या रात्री. तुझा प्रश्न वाचून हसू पण आलं आणि डोळे पण भरले, कारण पहिली दोन वर्षं माझं अगदी असंच होतं.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंटला झोप नसते. बाया छताकडं बघत पडलेल्या असतात, मंगळसूत्र काढून नातेवाइकांकडं दिलेलं असतं आणि रिकाम्या गळ्यावर सारखा हात जात असतो. अशा बाईजवळ जाऊन मी काय भाषण देणार? मी एवढंच विचारायची, ताई, मी प्रार्थना करते, तुमच्यासाठी करू का? नको म्हणालात तरी सकाळचं इंजेक्शन तेवढ्याच हळू देईन. बऱ्याच जणी नको म्हणायच्या. त्यांना खरंच तेवढ्याच हळू दिलं, हे महत्त्वाचं. काही जणी हो म्हणायच्या आणि मग दोन वाक्यं, मोठ्यानं नाही, त्यांच्या देवाबद्दल एक वावगा शब्द नाही.

आणि पाठ नसण्याचं म्हणशील तर योहान ९ वाच. त्या आंधळ्याला शास्त्री लोक किती घोळात घेतात, हा कोण, कुठला, पापी आहे का. तो म्हणतो ते मला माहीत नाही, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. जे झालंय तेवढंच सांगायचं, न झालेलं जोडायचं नाही. माहीत नसेल तर "मला माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणायला कसली लाज? पेत्रानंच पुढं पत्रात लिहिलंय बघ, आशेबद्दल विचारपूस करणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं. विस्तवाजवळ खोटं बोललेल्या माणसानं लिहिलंय ते, म्हणून मला जास्त पटतं.

पंचगंगाकाठ

मी ख्रिस्ती नाही, बोललो तर चालेल का माहीत नाही, पण समोरच्या बाजूनं कसं दिसतं ते कुणीतरी सांगायला पाहिजे म्हणून लिहितोय.

माझे वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा एकजण वॉर्डात आला, पुस्तिका ठेवली आणि आईला म्हणाला, घरातले देव काढा, हे उठून बसतील. आई त्या रात्री किती रडली मला माहितीय, कारण तिला वाटायला लागलं की नवरा बरा होत नाही हा तिचाच दोष. वडील गेले. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही, आणि तो तुमचा नव्हता वगैरे मला सांगू नका.

आता दुसरं. २०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी. मागच्या गल्लीतलं एक ख्रिस्ती कुटुंब, त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही सात माणसं सहा दिवस होतो. लाईट नाही, पिण्याचं पाणी मोजून. ते जेवायच्या आधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे, आम्हाला कुणी मिटा म्हणालं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या पोरानं विचारलं, काका तुम्ही काय म्हणता? ते म्हणाले, भात दिला म्हणून थँक्यू म्हणतो, आणि तुमच्या घरातलं पाणी उतरू दे म्हणतो. बस. मी आजही देवळातच जातो, पण त्या घराला कुणी काही बोललं तर पहिला मी उभा राहीन.

आणि भट्टीवाले, तुमच्या मामांचं म्हणाल तर मला वाटतं त्यांना चर्चचं काही वाटलं नसतं. अकरा वर्षं सोबत चहा पिणाऱ्यानं आपल्याला थाप मारली, हे लागलं असणार.

जुनी पेटी

पंचगंगाकाठ, तुम्ही लिहिलंत ते आमच्यातल्या प्रत्येक सभेत वाचून दाखवायला पाहिजे. त्या माणसाची बाजू मी घेणार नाही.

थोडा इतिहासाचा किडा आहे म्हणून एक सांगतो. अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब १८५२ ला कोल्हापुरात आले, त्यांचं नाव आजही चर्चला आहे. पण कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार कुणी दिला? राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशानं. गोष्ट आपण संडे स्कूलपासनं ऐकतोय, पण त्या माणसाचं नाव कुणाला येतं का बघा. गप्पा मारल्या, पुस्तक दिलं, विषय संपला. पुढं वाचताना टिळक येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मला त्याच्यापेक्षा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. एवढा मोठा कवी, शब्दांचा धनी, पण स्वतःच्या बायकोला पटायला पाच वर्षं लागली, लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० चा. आणि आपण मामांना एका चहात पटवायला निघालोय.

कायद्याचं पण स्पष्ट असू दे. संविधानाच्या २५ व्या कलमात धर्म पाळण्यासोबत त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे, तिथं सार्वजनिक सुव्यवस्थेची वगैरे मर्यादा आहे. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची शिकवण समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही. आमिष, भीती, आजारपणाचा फायदा, हे तर कायदा नसता तरी चुकीचंच. "रविवारी मी चर्चला जातो" एवढं मित्राला सांगायला मात्र कुठल्या कलमाची गरज नाही.

तुतारी

पंचगंगाकाठ भाऊ, वाचलं. दोनदा वाचलं. मी वॉर्डात कधी गेलो नाही पण स्टँडवर म्हाताऱ्या माणसांच्या हातात जबरदस्तीनं कागद कोंबलेत हे खरंय. पत्रकं वाटायचं सोडणार नाही, पण बघतो.

भट्टीवाला

सगळ्यांचे आभार. पंचगंगाकाठ साहेब, तुमचं शेवटचं वाक्य डोक्यातनं जाईना, म्हणून काल मामांना गाठलं. पाण्याच्या टाकीजवळ, दोघंच होतो. म्हटलं मामा, ते क्लासचं खोटं होतं, रविवारी सकाळी मी चर्चला जातो, आम्ही ख्रिस्ती आहोत. मामा म्हणाले, माहीत हाय की, डिसेंबरात तुझ्या दारात चांदणी असती, मी त्याच रस्त्यानं दूध घालायला जातोय. मग म्हणाले, लेका पण साडेतीन वर्षाच्या पोरीचा क्लास? जरा बरं खोटं तरी काढायचंस.

मी तयारी करून गेलो होतो, आंधळ्याची गोष्ट वगैरे सगळं, त्यातलं एक अक्षर बोललो नाही. मामांनीच विचारलं तिथं काय करता, म्हटलं गाणी म्हणतो, वचन ऐकतो, आजाऱ्यांसाठी, अडलेल्यांसाठी नावं घेऊन प्रार्थना करतो. त्यावर मामा बराच वेळ गप्प. हीटचा भोंगा झाला, आम्ही निघालो, आणि चालता चालता म्हणाले, तुमच्यातलं नसलेल्या माणसाचं नाव घेतलेलं चालतंय काय? त्यांची मुलगी बाळंतपणाला आलीय, आधीची दोन राहिली नाहीत. नाव सांगितलं नाही, आमची पोरगी एवढंच म्हण म्हणाले.

उद्या रविवार. सेकंड शिफ्ट मामांनीच माझ्या नावावर लावून घेतलीय.

मिरजेची सिस्टर

कितवा महिना चाललाय तिला? आणि बीपी वेळच्या वेळी बघतात ना, ते पण विचार मामांना.