ब्राह्मी अंक: ४०० लिहायचेत, दिसतायत १०४

प्रश्न (सोलापूर): शाळेतल्या प्रदर्शनासाठी नाणेघाटातल्या प्राचीन शिलालेखातल्या ब्राह्मी लिपीतल्या अंकांचा फ्लेक्स करतोय. नोटो सान्स ब्राह्मी फॉन्ट टाकलाय. ४०० साठी शंभर आणि चारची चिन्हं शेजारी ठेवली, पण जुळत नाहीत. छपाईवाल्याकडं तर नुसते चौकोन!

उत्तर १: सर, शेजारी ठेवलं की ते १०४ च होतं. मधे जोडक (दोन अंकचिन्हं एकत्र जोडणारं खास चिन्ह) घाला. युनिकोडमधले (संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) क्रमांक असे: यू+११०६४ (शंभर), यू+११०७एफ (जोडक), यू+११०५५ (चार). जोडक युनिकोड ७.० मध्ये, २०१४ साली आला. ब्राह्मी लिपी युनिकोडमध्ये त्याआधी २०१० पासून आहे, म्हणून जुना फॉन्ट असेल तर जोडाक्षर बनणारच नाही. आधी फॉन्ट नवा उतरवा.

उत्तर २: आणि यू+११०६६ पासूनचे शून्य ते नऊ चुकूनही घेऊ नका (सगळे इथंच फसतात). ते स्थानमूल्याचे आहेत. नाणेघाटात शून्य नाही, वीसला वेगळं चिन्ह. २४ म्हणजे ११०५सी, मग ११०५५.

उत्तर ३: चौकोन म्हणजे त्यांच्या मशीनवर फॉन्ट नाही. कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे रेषांच्या आकृतीत बदलूनच, फाइल द्या. त्याआधी मूळ प्रत वेगळी ठेवा, कर्व्ह केल्यावर मजकूर दुरुस्त होत नाही.

प्रश्नकर्ता: जोडक घातला, जुळलं!